‘गौरवर्णी’ या शब्दाचा अर्थ आणि अमेरिकेतील भारतीयांचा नागरिकत्वाचा लढा

कायद्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ कोणी व कोणत्या प्रमाणांवरून ठरवावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अर्थविचाराचा वाटतो. परंतु त्या शब्दावर माणसाचे नागरिकत्व, जमीन आणि घरदार अवलंबून असेल, तर तो कोशकारापुरता मर्यादित राहत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थायिक झालेल्या भारतीयांचा नागरिकत्वासाठीचा लढा भाषेच्या अभ्यासकांस या दृष्टीने उद्बोधक आहे. या लढ्याचे दोन टप्पे पडतात. पहिल्यात भारतीयांनी कायद्यातील शब्दात आपला समावेश होतो असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्यात तो कायदाच बदलून घेण्याचा. या दोहोंतील फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१७९० च्या अमेरिकन कायद्याने परदेशीयास नागरिकत्व मिळण्याची मुभा केवळ ‘स्वतंत्र गौरवर्णी व्यक्तीं’ना दिली होती. १८७० मध्ये ती आफ्रिकी जन्माच्या व वंशाच्या लोकांना लागू झाली; इतर आशियायी समाजांविषयी मात्र कायद्यातील मूळ विशेषणच निर्णायक राहिले. भारतीयांच्या बाबतीत खालच्या न्यायालयांत एकवाक्यता नव्हती. भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांचे नागरिकत्व १९१० मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले. १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार यांना आणि १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित यांना नागरिकत्व मिळाले. दुसरीकडे सरकारी धोरण कडक होत चालले होते. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये नागरिकत्वास अपात्र असणाऱ्या परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली व १९२० मध्ये तो कायदा अधिक आवळला. १९१७ च्या संघीय कायद्याने भारतासह आशियाच्या फार मोठ्या भागातून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबविले. त्यामुळे ‘गौरवर्णी’ या शब्दाच्या कक्षेत आपण येतो किंवा नाही, हा प्रश्न पंजाबी शेतकऱ्याच्या दृष्टीने जमिनीचा प्रश्न होऊन बसला.

या पार्श्वभूमीवर भगतसिंग थिंद यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पंजाबातून १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले थिंद पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सैन्यात दाखल झाले होते. १९२० मध्ये ओरेगॉन येथील संघीय न्यायालयाने त्यांना दिलेल्या नागरिकत्वास सरकारने आव्हान दिले. थिंद यांच्या बाजूने करण्यात आलेला युक्तिवाद असा : उत्तर भारतातील भाषा आर्यकुलातील आहेत, त्या बोलणारे लोक आर्यवंशाचे, मानववंशशास्त्रज्ञ त्यांची गणना कॉकेशियन वंशात करतात, आणि कॉकेशियन म्हणजेच गौरवर्णी. बेटीव्यवहाराच्या कडक निर्बंधांमुळे उच्च जातींनी आपले रक्त शुद्ध राखले आहे, अशी पुस्तीही त्यास जोडण्यात आली. आपला प्रवेश मागताना इतरांची अपात्रता गृहीत धरणारा हा युक्तिवाद होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

या साखळीतील पहिलाच दुवा कच्चा होता. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सुचविले, ते भाषांविषयी; ‘आर्य’ ही संज्ञा भाषेपुरतीच मर्यादित आहे, वंशाला ती लावता येत नाही, असे माक्स म्यूलर यांनी १८८८ मध्येच बजावून सांगितले होते. भाषा एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाते. रक्ताचे तसे नसते. आपल्याकडील बेने इस्रायल समाजाची मातृभाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे; तेवढ्यावरून त्यांच्या पूर्वजांविषयी कोणतेही अनुमान काढता येणार नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी नेमके याच दुव्यावर बोट ठेवले. ‘आर्य’ हा शब्द भाषिक लक्षणांचा वाचक आहे, शारीरिक नव्हे, आणि भाषासाम्यावरून वंशसाम्य सिद्ध होत नाही, असे त्यांनी म्हटले. येथवर भाषाशास्त्र त्यांच्याशी सहमत होईल. परंतु पुढे त्यांनी असे ठरविले की, कायद्यातील शब्द शास्त्रीय नसून बोलीतला आहे. म्हणून त्याचा अर्थ सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे घ्यावा, आणि त्या समजुतीप्रमाणे भारतीय गौरवर्णी नव्हेत. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना ‘गौरवर्णी’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा असा अर्थ याच न्यायमूर्तींनी लावला होता! रूढ प्रयोगावरून अर्थ निश्चित करावा हे तत्त्व आपणांस मान्यच आहे. प्रश्न एवढाच की, प्रयोग कोणाचा व तो कोणत्या पुराव्याने ठरविला? येथे पुरावा गोळा झालाच नाही; ज्यांना आत यावयाचे होते त्यांच्या प्रयोगास स्थान नव्हते.

निर्णयाचे परिणाम दारुण झाले. पूर्वी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचे दावे सरकारने सुरू केले आणि पन्नासाहून अधिक भारतीयांना त्यांची झळ पोहोचली. सॅन फ्रान्सिस्को येथील व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले, व्यवसाय हातचा गेला, पारपत्रही नाकारण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली व सरकारी वागणुकीचा निषेध करणारे पत्र मागे ठेवले. पंडित हे स्वतः वकील होते. आपल्यावरील दाव्यात त्यांनी भर दिला तो एकदा न्यायालयाने निकालात काढलेला प्रश्न सरकारला पुन्हा उकरता येणार नाही, या तत्त्वावर. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला आणि अशा दाव्यांची मोहीम थांबली. शब्दार्थाच्या वादापासून दूर सरकल्याने मिळालेले हे पहिले यश होय.

दुसऱ्या टप्प्याचे क्षेत्र न्यायालय नसून विधिमंडळ होते. १९४० च्या शिरगणतीत अमेरिकेतील भारतीयांची संख्या अवघी २,४०५ होती. एवढ्या लहान, बहुतांशी मताधिकार नसलेल्या समाजाने कायदा बदलून घेणे दुष्कर होते. तथापि ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’चे जे. जे. सिंग, ‘इंडियन वेल्फेअर लीग’चे मुबारक अली खान, कॅलिफोर्नियातील दलीपसिंग सौंद इत्यादींनी काँग्रेसच्या सभासदांच्या भेटी, समित्यांपुढील साक्षी, वृत्तपत्रे व निधिसंकलन या मार्गांनी प्रयत्न चालू ठेवले. जागतिक परिस्थितीही अनुकूल झाली. युद्धात भारतीय सैन्य मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढत असता भारतीयांस अपात्र ठरविणे अमेरिकेस अडचणीचे झाले; चिनी लोकांवरील बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली होती. क्लेअर बूथ ल्यूस व इमॅन्युएल सेलर या परस्परविरोधी पक्षांच्या सभासदांनी विधेयक उचलून धरले आणि २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. प्रवेशाची वार्षिक मर्यादा मात्र फक्त १०० ठेवण्यात आली. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले व १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

या यशाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. १९४६ च्या कायद्याने वंशाची अट काढली नाही. पात्र वंशांच्या यादीत आणखी नावे घातली, एवढेच. नागरिकत्वातील वांशिक अट १९५२ मध्ये, तर राष्ट्रमूलानुसार ठरविलेले प्रवेशाचे वाटे १९६५ मध्ये रद्द झाले. त्या शेवटच्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांत पुन्हा सेलर होतेच.

एकंदरीत पाहता, ‘आम्ही या शब्दात बसतो’ असे म्हणणाऱ्यास त्या शब्दाचा अधिकार आधी मान्य करावा लागतो, आणि अर्थ लावण्याची सत्ता प्रतिपक्षाकडे असल्यास तोच अर्थ त्याच्यावर उलटतो. थिंद खटल्यात हेच घडले. भाषाशास्त्राचे सिद्धांत हक्कांच्या वादात साक्षीस बोलाविले जातात तेव्हा ते काय सिद्ध करतात व काय करीत नाहीत, हे वेळीच सांगणे अभ्यासकांचे काम आहे. परंतु माणसाचा हक्क त्या सिद्धांतांवर टांगून ठेवणे इष्ट नव्हे.