झडपरोपणोत्तर हृद्‌पुनर्वसन आणि क्षीण वृद्ध रुग्ण : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात विवेचन

हृदयाची निकामी झालेली झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसविण्याची शस्त्रक्रिया १९६० मध्ये अमेरिकेत यशस्वी झाली. १९९० मध्ये तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली झडप प्रथम रुग्णास बसविण्यात आली, आणि परदेशी झडपेचा खर्च न परवडणाऱ्या भारतीय रुग्णांना एक स्वदेशी पर्याय मिळाला. २००२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळीवाटे झडप नेऊन बसविली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आलेल्या आरोग्ययोजनेमुळे अशा उपचारांचा आर्थिक भारही पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत हलका झाला. या सर्वांचा परिणाम असा की, पूर्वी ज्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचारही होत नसे असे सत्तरी उलटलेले रुग्ण आज नवी झडप घेऊन घरी परततात. त्यानंतर त्यांचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

वृद्धांमध्ये महारोहिणीच्या झडपेवर चुन्याचा थर साचून ती अरुंद होते. काहींच्या बाबतीत बालपणीच्या संधिज्वराने द्विदल झडप बिघडलेली असते. दोन्ही प्रकारांत रुग्ण दम लागतो म्हणून हळूहळू हालचाल कमी करीत जातो व शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत त्याचे स्नायू झिजलेले असतात. नवी झडप रक्तप्रवाहातील अडथळा दूर करते. झिजलेले स्नायू ती परत देत नाही. उलट रुग्णशय्येवरील दिवसांनी ही झीज वाढते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील मेदरहित ऊतकांत सुमारे एक किलोग्रॅमची घट आढळली. रोगजर्जर वृद्धाची हानी याहून कमी असेल असे मानण्यास आधार नाही.

क्षीणता म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे. शरीराची राखीव शक्ती संपत आल्यामुळे लहानशा आघातानेही माणूस परावलंबी होतो, त्या अवस्थेस ही संज्ञा आहे. २००१ मध्ये लिंडा फ्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच लक्षणे ठरविली : नकळत घटलेले वजन, थकवा, मुठीची कमजोर पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. यांपैकी तीन असल्यास रुग्ण क्षीण समजावा. झडपेच्या रुग्णांसाठी २०१७ मध्ये मांडलेली कसोटी आणखी सुटसुटीत आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागणारा वेळ, बौद्धिक क्षमता, रक्तातील हिमोग्लोबिन व अल्ब्युमिन एवढ्या चारच गोष्टी तीत पाहाव्या लागतात. घड्याळ, खुर्ची आणि साधी रक्ततपासणी यांखेरीज तिला साधन लागत नाही.

हृद्‌पुनर्वसनाचा रूढ आराखडा मुख्यतः हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मध्यमवयीन रुग्णांवरून तयार झाला. त्यात चालपट्टा व स्थिर सायकल यांवर दमसास वाढविण्यास अग्रक्रम असतो. क्षीण वृद्धाच्या बाबतीत हा क्रम बदलावा लागतो. ज्याला खुर्चीवरून उठता येत नाही व वळताना ज्याचा तोल जातो, त्यास अर्धा तास चालण्याचा आदेश देणे व्यर्थ होय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयाच्या अकार्यक्षमतेमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या साठीपुढील ३४९ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत बळ, तोल, हालचाल व दमसास या चारही अंगांना वाव देण्यात आला. तीन महिन्यांनंतर बारा गुणांच्या शारीरिक क्षमता-कसोटीत या गटास ८.३, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटास ६.९ गुण मिळाले. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही, हेही नमूद केले पाहिजे. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाविषयीचा पुरावा याहून तोकडा आहे. २०२१ च्या कॉक्रेन समीक्षेत अवघ्या सहा चाचण्या व ३६४ रुग्ण होते. म्हणून पुनर्वसनाने आयुष्य वाढते असा दावा न करता, परावलंबन टळावे हे त्याचे उद्दिष्ट मानणे अधिक प्रामाणिक ठरेल.

हे उद्दिष्ट मान्य केले की रुग्ण कोठे व कसा राहतो, हा प्रश्न वैद्यकीयच ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ असून तीपैकी सुमारे चार-पंचमांश ग्रामीण आहे. येथील वृद्धाचे जेवण, बैठक व पूजा बहुधा जमिनीवर होते. खुर्चीची कसोटी उत्तीर्ण झालेला रुग्णही जमिनीवरून उठताना एका हातावर सगळा भार टाकतो. छातीचे हाड कापले असल्यास ते सांधण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात असा एकतर्फी भार, तसेच भरलेली घागर उचलणे, टाळले पाहिजे. सैल विणीची बाजही अडचणीची, कारण तिच्या झोळातून उठण्यास हात लावावेच लागतात. तिच्यावर फळी टाकणे हा साधा उपाय आहे. हाड सांधल्यावर प्रथम खुर्ची, मग फळी घातलेली बाज, मग चौरंग व शेवटी पाट, अशा उतरत्या उंचीवरून उठण्याचा सराव क्रमाने देता येईल. नळीवाटे झडप बसविलेल्या रुग्णास हाडाचे बंधन नसल्याने हा क्रम लवकर आरंभिता येतो.

भूगोलाचाही विचार आवश्यक आहे. घाटावरील बुलढाणा-चिखली भाग तुलनेने थंड. परंतु घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेथे चालणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच ठेवावे. मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णास उन्हात भोवळ येण्याचे भय अधिक. खोऱ्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे पिण्याचे पाणी विहिरीचे वा कूपनलिकेचे असल्यास मीठ कमी खाण्याच्या सल्ल्यात पाण्यातील क्षारही मोजावे लागतात.

धातूची झडप बसविलेल्या रुग्णास रक्त गोठू न देणारे वॉरफरीनसारखे औषध आजन्म घ्यावे लागते. असा रुग्ण पडला तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मोठा. म्हणून पाय जुळवून व एकापुढे एक ठेवून उभे राहण्याचे तोलाचे व्यायाम या रुग्णास औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. ते भिंतीजवळ व घरच्या माणसाच्या देखरेखीखालीच करावेत. मेथी, अंबाडी यांसारख्या पालेभाज्या वर्ज्य नाहीत. त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे असावे. लागोपाठच्या उपवासांनी औषधाचा परिणाम अनिश्चित होतो आणि स्नायूंना लागणारी प्रथिनेही तुटतात. तूर, हरभरा, दूध व चालत असल्यास अंडी यांवाचून व्यायामाचे बळ अंगी लागत नाही.

आता प्रश्न व्यवस्थेचा. शस्त्रक्रिया बहुधा छत्रपती संभाजीनगर, नागपूर वा मुंबई येथे होते. जळगाव जामोदच्या एखाद्या खेड्यातील वृद्धाने आठवड्यातून तीनदा तेथे व्यायामासाठी जावे, ही अपेक्षा निरर्थक होय. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालय व ग्रामीण रुग्णालय या स्तरांवर भौतिकोपचाराची तरतूद आहे, आणि २०२४ मध्ये बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. भौतिकोपचारतज्ज्ञाने आराखडा आखावा, ग्रामीण रुग्णालयाने दरमहा कसोटी व रक्ततपासणी करावी, आणि आशा सेविकेने घरी सराव पाहून धोक्याची लक्षणे कळवावीत, अशी विभागणी येथे शक्य आहे. ताप, काळी शौचास, एका बाजूची कमजोरी, वाढता दम, पायांची सूज व छातीच्या हाडातील करकर ही लक्षणे तिला पाठ असली म्हणजे पुरे.

संशोधनाच्या दृष्टीने येथे एक निश्चित काम बाकी आहे. क्षीणतेच्या प्रचलित कसोट्या खुर्चीवर बसणाऱ्या समाजात घडल्या. जमिनीवरून उठणे, भरला तांब्या घेऊन चालणे, ओट्याची पायरी चढणे या कृतींवर आधारलेले व स्थानिक वृद्धांवर पारखलेले मोजमाप तयार झाल्यास पुनर्वसनाचे यश रुग्णाच्या स्वतःच्या भाषेत सांगता येईल. असे मोजमाप ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीतही वापरता यावे, एवढी अट पदव्युत्तर अभ्यासकांनी आरंभीच पाळावी.