दुरुस्तीचा मुहूर्त पाऊस ठरवतो तेव्हा

कोकण रेल्वेवर माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ आणि उडुपी या ९ स्थानकांत स्वयंनोंदी पर्जन्यमापक बसवलेले असून, पावसाचा जोर मर्यादेपलीकडे गेला की ते संबंधित अधिकाऱ्यांना सावध करतात. हवामानाच्या अभ्यासकाला ही पावसाची नोंद असली, तरी रेल्वेच्या अभियंत्याला तीच नोंद कुठल्या कटिंगकडे, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेकडे, माणूस धाडायचा हे सांगत असते.

वस्तू बिघडण्याआधीच तिची निगा राखण्याला प्रतिबंधक देखभाल म्हणतात. मृगाआधी घराचे नळे परतण्याची कोकणातली रीत याच प्रकारची, मात्र ती पंचांगावर चालणारी. नळे फुटलेले असोत वा नसोत, मे महिना सरत आला की माणूस छपरावर चढतोच, आणि चढताना त्याच्या पायाखाली चार धड नळेही फुटतात. स्थितीवर आधारलेल्या देखभालीत तारखेऐवजी वस्तूची अवस्था काम सुरू करते. भारतीय रेल्वेत सलग जोडलेले लांब रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त केलेले असतात, त्याहून रुळाचे तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले की उन्हाळी गस्त सुरू करण्याचा नियम आहे, आणि तो कॅलेंडरमध्ये मार्च आहे की मे हे विचारत नाही.

मालमत्ता व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर हाच नियम यंत्राच्या हाती देते. त्यात प्रत्येक पूल, मोरी, कटिंग वा पंप यांची स्वतंत्र क्रमांकाने नोंद असते, तिला मापकाचे आकडे जोडलेले असतात, आणि आकड्याने ठरवलेली सीमा ओलांडताच सॉफ्टवेअर आपणहून कामाचा हुकूम, म्हणजे वर्क ऑर्डर, काढते. ही अट लिहायला दहा मिनिटे पुरतात. सीमा कोणती धरायची, हे ठरवायला मात्र एखादा पावसाळा खर्ची पडतो.

कारण कोकणात एका तासाचा पाऊस अर्धीच हकिगत सांगतो. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीवर साचत जाते, आणि तीन दिवस भिजलेला उतार चौथ्या दिवशीच्या बेताच्या सरीनेही खाली येऊ शकतो. म्हणून ताशी पावसाची एक अट आणि मागील तीन दिवसांच्या एकूण पावसाची दुसरी, अशा दोन अटी लावून, त्यांपैकी कोणतीही पुरी झाली तरी पाहणीचा हुकूम निघेल अशी मांडणी करणे शहाणपणाचे ठरते. कणकवलीला लागून असलेल्या वैभववाडी तालुक्यात २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीकालीन विशेष गाडी कटिंगमध्ये कोसळलेल्या दगडमातीवर आदळून ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे या मार्गावर दगड अडवणाऱ्या जाळ्या, उतार सौम्य करणे आणि पावसाळी गस्त यांवर मोठा भर दिला गेला. मुसळधार पावसात समोरचे धड दिसेनासे झाले, तर चालकांना वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची सूचना असते. सीमा ओलांडल्यावर दरवेळी दुरुस्तीच करावी लागते असे नाही, तर कधी नुसते सावकाश जाणेही पुरते.

सर्वांत फसवा आकडा शून्याचा. अनेक पर्जन्यमापकांत नरसाळ्यातून आलेले पाणी एका चिमुकल्या पळीत साचते, ती भरली की कलंडते, आणि प्रत्येक कलंडण्याचा विजेचा एक ठोका मोजला जातो. नरसाळ्याच्या तोंडाशी आंब्याचे एक ओले पान चिकटले, तर बाहेर धो धो कोसळत असताना पडद्यावर कोरडा दिवस दिसतो आणि अट कधीच पुरी होत नाही. यासाठी शेजारचा मापक पाऊस दाखवत असताना गप्प राहणाऱ्या मापकाच्या मौनावरही एक अट लावावी लागते, अन् तीही बेताने, कारण विलवड्याला पाऊस आहे म्हणून कणकवलीलाही तो असलाच पाहिजे, असे सह्याद्रीच्या पायथ्याशी कोणी म्हणू शकत नाही. उलट सीमेच्या आतबाहेर आकडा हिंदकळत राहिला, तर एकाच कटिंगसाठी रात्रीतून सात हुकूम निघतात आणि आठव्याकडे कोणी बघत नाही. तेव्हा पहिला हुकूम उघडा असेपर्यंत दुसरा निघू नये आणि आकडा सीमेच्या बराच खाली उतरल्याशिवाय अट पुन्हा सज्ज होऊ नये, अशी तजवीज करतात.

हुकूम बंद करताना गस्तवाल्याने भरायच्या रकान्यांकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते. ‘पाहणी केली, ठीक’ एवढ्यावर पुढची सीमा सुधारता येत नाही. आधार-भिंतीच्या भोकांतून येणारे पाणी कालपर्यंत नितळ होते आणि आज गढूळ येते आहे, म्हणजे आतली माती वाहू लागली आहे, हे पर्जन्यमापकाला कळत नाही. बॅटरी आणि काठी घेऊन तिथे उभ्या असलेल्या माणसाला कळते, आणि ते लिहायला त्या पडद्यावर जागा ठेवावी लागते.