सावंतवाडी : मोती तलावाकाठी दोन दिवस

गोव्याकडे निघालेल्या प्रवाशांच्या लेखी सावंतवाडी हे बहुधा वाटेवरचे एक नाव असते. महामार्ग आता शहराबाहेरून जातो आणि कोकण रेल्वेचे स्थानक गावापासून सात-आठ किलोमीटरांवर मळगावला आहे. त्यामुळे जो मुद्दाम येथे उतरेल, त्यालाच हे गाव दिसते. शनिवार-रविवारची सुटी एका लहानशा ऐतिहासिक गावात शांतपणे घालवू इच्छिणाऱ्या कुटुंबाला मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे ठिकाण सर्वार्थाने सोयीचे आहे. शिवाय पाहुण्याने येथे काढलेल्या दोन दिवसांशी काही पारंपरिक कारागिरांची उपजीविकाही निगडित आहे.

तलाव आणि राजवाडा

एकेकाळी सुंदरवाडी या नावाने ओळखले जाणारे हे गाव सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गावाच्या मध्यभागी असलेला मोती तलाव १८७४ मध्ये बांधण्यात आला. त्याच्या एका काठावर राजवाडा, दुसऱ्या बाजूस बाजारपेठ आणि पाठीशी नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत, अशी गावाची रचना आहे. सायंकाळी तलावाभोवती फेरफटका मारणे हा गावकऱ्यांचा नित्याचा परिपाठ होय. गणेशोत्सवात मूर्तींचे विसर्जनही याच तलावात होते.

राजवाडा तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांच्या कारकिर्दीतील आहे. तांबड्या चिऱ्याची ही वास्तू भव्यतेपेक्षा प्रमाणबद्धतेने मन वेधून घेते. तिच्या दरबार दालनात गंजिफा रंगविणारे कलावंत काम करताना पाहावयास मिळतात. दर्शनाच्या वेळा आगाऊ विचारून घ्याव्यात आणि या भेटीसाठी सकाळचे किमान दोन तास राखून ठेवावेत.

गंजिफा म्हणजे काय ?

गंजिफा हा वर्तुळाकार पानांचा खेळ. तो इराणकडून भारतात आला. बाबराने १५२७ मध्ये गंजिफांचा संच भेट म्हणून पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. भारतात या खेळाने येथील रूप धारण केले. दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, अशी बारा पाने असल्यामुळे पूर्ण संच १२० पानांचा होतो. चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या पानांवर अस्तर चढवून ती घोटून गुळगुळीत करतात. त्यानंतर कुंचल्याने चित्रे काढून वर लाखेचा लेप देतात.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर हा खेळ मागे पडला आणि खेळाबरोबर कलाही लोपण्याच्या मार्गाला लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ही विद्या अवगत असलेले पुंडलिक चितारी यांच्यासारखे अगदी थोडे वृद्ध कारागीर उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुण चित्रकारांना हाताशी धरून तिचे पुनरुज्जीवन केले. एका पिढीने थोडा विलंब केला असता, तर हे ज्ञान त्या वृद्ध हातांबरोबरच नाहीसे झाले असते.

चितारआळीतील खरेदी

बाजारपेठेतील चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. हलक्या व कोरावयास सोप्या अशा पांगाऱ्याच्या लाकडाची रंगविलेली फळे, भातुकलीची भांडी, तसेच पाट, चौरंग अशा वस्तू येथे मिळतात. आंबा, केळी, काजू यांच्या प्रतिकृती तर इतक्या हुबेहूब असतात की, लहान मुलांचा हात आपोआप त्यांच्याकडे जातो.

गंजिफा आणि लाकडी खेळणी या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे अन्यत्र तयार झालेल्या मालास हे नाव लावता येत नाही. परंतु कायद्याचे हे संरक्षण ग्राहक चौकस असेल तरच फलद्रूप होते. वस्तू कोठे व कोणी बनविली, हे दुकानदारास अवश्य विचारावे. हाताने रंगविलेल्या दोन पानांतील रेषा कधीही तंतोतंत सारख्या नसतात. छापील पानांत त्या सारख्याच दिसतात. शंभराहून अधिक पाने एकेक करून रंगविण्यास लागणारे श्रम ध्यानी घेतले, म्हणजे त्यांची किंमत अवाजवी वाटत नाही. पूर्ण संच परवडत नसल्यास गंजिफा शैलीतील बावन्न पानी संच किंवा एखादे लहान खेळणे घ्यावे. मागणी टिकली, तरच कारागिराच्या मुलाला वडिलांचा कुंचला हाती घ्यावासा वाटेल.

दोन दिवसांची आखणी

मुंबईहून शुक्रवारी रात्री कोकण रेल्वेने निघाल्यास शनिवारी सावंतवाडीस पोहोचता येते. दादरहून निघणारी तुतारी एक्स्प्रेस तर येथपर्यंतच धावते. परतीचे आरक्षण मात्र आधीच करून ठेवावे. पुणे-कोल्हापूरकडील प्रवाशांना आजरा-आंबोली मार्ग जवळचा आहे. पहिला दिवस चितारआळी आणि सायंकाळच्या तलावासाठी ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा पाहावा आणि दुपारी घावणे, सोलकढी अशा मालवणी भोजनाचा आस्वाद घ्यावा. वेळ असल्यास सुमारे तीस किलोमीटरांवरील आंबोलीस जावे. तेथील हिरण्यकेशी नदीच्या उगमस्थानी आढळलेल्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील कुंडात उतरू नये व काही टाकू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास उत्तम. याच सुमारास गावोगावच्या जत्रांत दशावतारी नाटके रंगतात. दिवसा गंजिफांच्या पानांवर पाहिलेले अवतार रात्री रंगमंचावर उभे राहतात, तेव्हा या भूमीतील चित्रकला आणि नाट्यकला एकाच मुळावर पोसलेल्या आहेत, याची प्रचीती येते. गोव्याचा समुद्र पुढच्या खेपेसही तेथेच असेल. हातकलेचे तसे नाही. तिला दरवर्षी नव्याने गिऱ्हाईक लागते.