कात्रणातला चेहरा

हुतात्मा दिनाच्या बॅनरसाठी दि. बा. पाटलांचा मनासारखा एकच फोटो हाती होता, तोही वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या कात्रणात. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्याचे पुढारी दिबा. त्यांचा चेहरा कसातरी छापून मला चालणार नव्हता.

बाजारातल्या फ्लेक्सच्या दुकानात मुलाने कात्रण स्कॅन केलं. पडद्यावर दिबांच्या कपाळभर लाटा उमटल्या.

"काका, पेपरचा फोटो हाय, जाली येनारच."

मी कात्रणावर भिंग धरलं. करडी शाई कुठेच नाही, नुसते काळे ठिपके, ४५ अंशांत तिरप्या रांगांनी बसलेले. केसांत फुगून एकमेकांना चिकटलेले, गालावर सुटे, कपाळावर सुईच्या टोकाएवढे. स्कॅनरही चित्र चौकोनी घरांतच वाचतो. करंजा बंदरात वाळत घातलेली मासेमारीची दोन जाळी एकमेकांवर पडली की मधे लाटा दिसतात, तसंच हे.

मुलाने पुन्हा स्कॅन केलं, आता ३००ऐवजी १२०० डीपीआयवर. मग ठिपके विरघळेपर्यंत चित्र धूसर करत नेलं. लाटा गेल्या, पण डोळेही राखेसारखे झाले. "मागे घे," मी म्हटलं. ठिपका विरावा आणि पापणीची कड राहावी, एवढ्या बारीक फटीत सगळं काम आहे, आणि ती फट डोळ्यानेच शोधावी लागते.

छापताना पुन्हा ठिपकेच, पण वेगळे. रांगांची स्क्रीन सोडून त्याने 'एरर डिफ्यूजन' निवडलं. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली मांडलेली रीत याच घराण्यातली. एखाद्या घराला ४० टक्के काळा हवा, पण थेंब एक तर पडणार, नाहीतर नाही. नाही पडला तर ती उधारी शेजाऱ्यांच्या खात्यावर चढते: उजवीकडे ७/१६, खाली ५/१६, खाली डावीकडे ३/१६, खाली उजवीकडे १/१६. थेंब असे विखुरतात की त्यांची रांगच लागत नाही.

आधी फक्त डोळ्यांची वीतभर पट्टी काढली. शटरला चिकटवून गल्लीच्या पलीकडून पाहिली. उजव्या डोळ्याखाली एक फिकट लाट उरली होती. मुलाने न सांगता कात्रण पुन्हा काचेवर ठेवलं, या वेळी जरा तिरपं.