बल लागते ते बदलाला

‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर शाळा सोडल्याचा तो दाखला येतो, ज्यावर जातीचा रकाना असतो. आयर्लंडमध्ये मात्र हे आपल्या बारावीशी समकक्ष अशा परीक्षेचे नाव आहे. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आता या परीक्षेच्या उंबरठ्यावर उभी आहेत. भौतिकशास्त्र हा तिच्यातील ऐच्छिक विषय. तो घ्यायचा की सोडायचा, याचा निर्णय मुलांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी करावा लागतो. रविवारी वंदनेनंतर आम्ही काही पालक मुलांचा अभ्यास घेतो. ‘हा विषय माझ्यासाठी नाही’ असे म्हणणारी मुले आमच्या पाहण्यात फार पुढच्या धड्यावर अडलेली नसतात. ती पहिल्याच पायरीवर, म्हणजे बल, वस्तुमान आणि त्वरण येथेच थबकलेली असतात.

अशा वेळी आई-वडील मदतीला धावतात ते सूत्र घेऊन. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. या सूत्राचे आपल्यावर ऋण आहे, हे मान्यच करायला हवे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेल्या कित्येकांना त्याने अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेतून पार केले आणि पुढे येथवर आणले. परंतु चार पर्यायांतून एक निवडताना सूत्र पुरते. ‘असे का होते?’ या प्रश्नापुढे ते मुके असते, आणि येथील मुले नेमके तेच विचारतात.

प्रश्न साधा आहे. ट्राम एकाच वेगाने सरळ रुळावर चालली आहे. तिच्यावर एकूण किती बल आहे? दहांतील आठ मुले सांगतील, पुढच्या दिशेने बरेच. उत्तर आहे, शून्य. मोटर पुढे लावते तेवढेच बल हवा आणि घर्षण मिळून मागे लावतात. हिशेब फिटतो, आणि ट्राम आहे त्या वेगाने चालत राहते.

मुलांच्या चुकीच्या उत्तराला हसण्याचे कारण नाही. ते उत्तर अनुभवातून आलेले आहे. बैल थांबले की गाडी थांबते, हात काढला की हातगाडी थांबते. ॲरिस्टॉटलसारखा विचारवंतही असेच मानत होता आणि त्याच्यानंतर जवळपास दोन हजार वर्षे जग तसेच मानत आले. गाडी ‘आपोआप’ थांबत नाही, तिला घर्षण थांबवते, हे ओळखायला गॅलिलिओ यावा लागला. न्यूटनने 1687 मध्ये आपल्या ग्रंथात ते नियमांत बांधले. न्यूटनची भाषा गतीतील बदलाची होती. आज पाठ केले जाणारे सुटसुटीत समीकरण पुढच्या शतकात ऑयलरच्या हातून रूढ झाले. म्हणून मुलांपुढे आधी समीकरण न ठेवता आधी तो ‘बदल’ ठेवावा, असे आमचे मत आहे. बल गतीला लागत नाही, गतीतील बदलाला लागते.

संगणकप्रणाली लिहिणाऱ्या आपल्या मंडळींना हे घरच्या घरी दाखवता येते. पडद्यावर एक चेंडू सरकवणारी दहा ओळींची प्रणाली लिहा. चेंडू ‘चालत राहावा’ म्हणून तीत वेगळी ओळ लिहावी लागत नाही. वेग साठवलेला असतो, आणि कोणी त्याला हात लावला नाही तर तो तसाच राहतो. ओळ लिहावी लागते ती वेग वाढवताना, घटवताना किंवा वळवताना.

डब्लिनच्या ट्रामचे नावच ‘लुअस’ आहे. आयरिश भाषेत त्याचा अर्थ वेग. त्याच शब्दापासून आयरिशमध्ये त्वरणासाठी ‘लुअसयेरू’ हा शब्द झाला, ज्याचा शब्दशः अर्थ वेगाला धार आणणे. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘त्वरण’ हा शब्दही ‘त्वरा’ या मुळाचा आहे, पण तो मुलांपर्यंत त्या अर्थाने क्वचितच पोहोचतो. ट्राममध्ये उभे असता ती सुटते, तेव्हा आपण मागे झुकतो. आपल्याला मागे कोणी ढकललेले नसते. ट्राम पुढे निघाली आणि आपले शरीर जागीच राहू पाहत होते, एवढेच. हिशेब करून पाहा. समजा, ट्रामने 10 सेकंदांत शून्यापासून सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर वेग घेतला. त्वरण झाले सेकंदाच्या वर्गाला 1 मीटर. 60 किलोग्रॅमच्या माणसाला तेवढे त्वरण देण्यासाठी 60 न्यूटन बल हवे. सहा किलोची पिशवी उचलून धरायला साधारण तेवढेच बल लागते. ते बल देते पायाखालची फरशी, घर्षणाने. कमी पडले तर हातातील दांडा. ट्राम एका वेगाने धावू लागली की हे साठ न्यूटन लागेनासे होतात.

आता प्रयोगाकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. त्वरण हे बलाच्या प्रमाणात असते, हे दाखवणारा प्रयोग येथील अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे अनिवार्य राहिला आहे. एका पट्टीवर चाकांची छोटी ट्रॉली असते. तिला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली जातो, आणि त्याच्या टोकाला वजनांचा पलडा लोंबतो. पलडा खाली येतो, ट्रॉली ओढली जाते, तिचे त्वरण मोजायचे. पलड्यात वजने वाढवत जायचे आणि दर वेळी पुन्हा मोजायचे.

यातील एक बारकावा पुष्कळांच्या हातून निसटतो. पलड्यात घालायची वजने बाहेरून आणायची नसतात. ती आधी ट्रॉलीवर ठेवलेली असतात, तेथून उचलून पलड्यात टाकायची. का? कारण पलडाही ट्रॉलीबरोबर त्वरित होतो. ओढले जाणारे वस्तुमान म्हणजे दोहोंची बेरीज. समजा, बेरीज 1 किलोग्रॅम आहे आणि त्यातील 100 ग्रॅम लोंबत आहेत. बल साधारण 0.98 न्यूटन, त्वरण 0.98. आता ट्रॉलीवरचे 100 ग्रॅम पलड्यात टाकले, तर बल दुप्पट झाले, बेरीज तीच राहिली, त्वरण 1.96, बरोबर दुप्पट. तेच 100 ग्रॅम कपाटातून आणले असते, तर बेरीज 1.1 किलोग्रॅम झाली असती आणि त्वरण 1.78 वरच अडले असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या धरून ठेवाव्या, ही विज्ञानाची शिस्त या चकत्यांच्या अदलाबदलीत मुलाला हाताने कळते.

दुसरा बारकावा याहून सुंदर आहे. प्रयोगाआधी पट्टीचे एक टोक किंचित उचलतात. किती? हलका धक्का दिल्यावर ट्रॉली न थांबता, न वेग वाढवता, एकसारखी खाली जात राहील इतकेच. म्हणजे घर्षणाची भरपाई झाली. या क्षणी ट्रॉलीवरील एकूण बल शून्य आहे आणि ट्रॉली चालते आहे. ट्रामच्या प्रश्नाचे उत्तर तेथे डोळ्यांनी दिसते. शिक्षकांनी ही तयारी आधीच करून ठेवली, तर मुलांचे मोठेच नुकसान होते, असे आम्हांला वाटते.

आमच्यापैकी अनेकांनी हे प्रयोग वहीत लिहिले, हाताने केले नाहीत. काचेच्या कपाटाला कुलूप असे आणि निरीक्षणांचे आकडे फळ्यावरून उतरवले जात. यामागे केवळ साधनांची टंचाई होती असे नाही. जातिव्यवस्थेने ज्यांना ओझी ओढायला लावली, त्यांना ग्रंथ दिले नाहीत. ज्यांना ग्रंथ दिले, त्यांनी ओझ्याला हात लावला नाही. भरलेली गाडी जागची हलवणे किती कठीण आणि चालू झालेली गाडी उतारावर थोपवणे त्याहून किती कठीण, हे आमच्या आजोबांच्या खांद्यांना ठाऊक होते. जडत्व यालाच म्हणतात. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तेथे कलाशाखेच्या जोडीला विज्ञानशाखाही ठेवली, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. सप्टेंबर 2025 पासून येथे भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या शोधप्रकल्पाला 40 टक्के गुण आहेत. ज्या मुलाने हाताने मोजलेले नाही, त्याला आता सूत्रही फार दूर नेणार नाही.

घरी मराठीत समजावताना शब्दांनी दगा देऊ नये म्हणून थोडी सावधगिरी हवी. आपल्या बोलण्यात बल, शक्ती, जोर, ताकद हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. शास्त्रात बल आणि शक्ती या वेगळ्या राशी आहेत. शिवाय आपल्या मुलांनी धम्मवर्गात पंचबल ऐकलेले असते: श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा. ती बले माणसाच्या ठायी असतात, वाढवता येतात. न्यूटनचे बल कोणाच्या ठायी नसते. ते दोन वस्तूंमध्ये घडते, त्यांच्यातील ती क्रिया संपली की संपते. फेकलेल्या चेंडूत हाताचे बल ‘शिल्लक’ असते, ही समजूत याच गोंधळातून येते. त्या दोन अर्थांची सांगड घालण्याचा मोह मात्र टाळावा. विमाने आणि अण्वस्त्रे प्राचीन ग्रंथांत शोधणाऱ्यांची आपण थट्टा करतो; न्यूटनला त्रिपिटकात शोधायची आपल्यालाही गरज नाही.

बलाला दिशा असते, हा पुढचा धडा. त्यासाठी डब्लिनइतके सोयीचे गाव नाही. लुअसच्या हिरव्या मार्गाचे उत्तरेकडील शेवटचे स्थानक ब्रूमब्रिज. तेथे रॉयल कालव्यावरच्या पुलाजवळून 16 ऑक्टोबर 1843 रोजी विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीसह चालले असता त्यांना चतुष्टकांचे, म्हणजे चार घटकांच्या नव्या संख्यांचे सूत्र सुचले आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरले. ज्या राशींना दिशा असते त्या सदिश आणि ज्यांना नसते त्या अदिश, या भेदासाठी आज इंग्रजीत वापरले जाणारे ‘व्हेक्टर’ आणि ‘स्केलर’ हे शब्द गणितात हॅमिल्टन यांनीच रुजवले. मूळ कोरीव काम आता उरलेले नाही. 1958 साली इमन डी व्हॅलेरा यांच्या हस्ते तेथे फलक लागला. ज्या 1937 च्या आयरिश संविधानावरून आपल्या संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आली, ते याच डी व्हॅलेरांच्या पुढाकाराने झाले होते. दरवर्षी 16 ऑक्टोबरला, आपल्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेनंतर दोनच दिवसांनी, डनसिंक वेधशाळेपासून या पुलापर्यंत पदयात्रा निघते. मुलांना घेऊन जावे.

राहिले वस्तुमान आणि वजन. बाजारात आपण ‘वजन’ किलोत विचारतो आणि मोठ्या माणसाचेही ‘वजन’ असते, त्यामुळे हा भेद मराठीत विशेष निसरडा. त्यासाठी सुट्टीतला एक प्रयोग सुचवतो. नागपूरला बॅग बांधताना आपण ती हातातल्या ताणकाट्याला अडकवतो आणि पापड-मसाले काढघाल करून 23 किलोवर आणतो. त्या बॅगेतील वस्तुमान डब्लिनला पोहोचेपर्यंत कणभरही बदलत नाही. पण गुरुत्व त्वरण नागपूरला सुमारे 9.79 आणि डब्लिनला सुमारे 9.81 आहे, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि विषुववृत्ताकडे तिचे फिरणेही अधिक जाणवते. त्यामुळे स्प्रिंगचा तोच काटा येथे सुमारे 60 ग्रॅम जास्त दाखवील. दोन पारड्यांचा तराजू मात्र दोन्हीकडे सारखाच राहील, कारण तेथे वजनांचे मापही बॅगेइतक्याच प्रमाणात अधिक ओढले जाते. फरक टिपायला बारीक मोजणारा काटा लागेल, आणि तो दोन्ही वेळा तोच हवा. डिसेंबरमध्ये नागपूरला जाणाऱ्यांनी काटा बॅगेत न टाकता बरोबर ठेवावा. दोन्ही ठिकाणचे आकडे मुलांनी वहीत लिहून आणले, तर ते आम्ही पुढील अंकात छापू.