सदर बाजारातील जर आणि गळावरची माशी

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची जुनी पेठ. लग्नसराईत येथे पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. पैंजण आणि मंगळसूत्रांच्या त्या गर्दीत मी मात्र हातभर जर, कोशाच्या रेशमाचा दोरा आणि केसाएवढी तांब्याची तार मागत हिंडतो, याचे ओळखीच्या दुकानदारांना प्रारंभी मोठे नवल वाटे. निवृत्तीनंतर साहेबांनी दागिने घडविण्याचा व्यवसाय मांडला की काय, अशी पृच्छाही झाली. वस्तुस्थिती इतकीच की, मी मासे पकडण्याच्या माश्या बांधतो.

पोलादी गळाभोवती दोरा, पिसे, केस व चकाकती तार गुंडाळून किडा, माशी अथवा लहान मासळी यांचा आभास निर्माण करायचा आणि लांब, लवचिक काठीच्या साहाय्याने ती पाण्यावर अलगद टाकायची, असा हा खेळ आहे. आपल्याकडे तो इंग्रजांबरोबर आला. परंतु त्याचा उगम इंग्लंडमधला नव्हे. मॅसिडोनियातील मासेमार गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे लावीत, असे ईलियन या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासा धरण्याची रीत सांगितली आहे. राजाचे आमिष सेवक तयार करीत असणार. घरी करावे की विकत आणावे, हा प्रश्न त्याला पडला नसावा. तो आम्हां पगारदारांचा.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने आधी हिशेब मांडावा, हे ओघानेच आले. चांगल्या प्रतीची तयार माशी मला शे-सव्वाशे रुपयांस पडे. घरी बांधल्यास सामग्रीचा खर्च वीस रुपयांपलीकडे जात नाही. म्हणजे निव्वळ लाभच, अशी मी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात छोटा शेगडा, दोऱ्याची फिरकी, बारीक कात्री आणि इतर किडूकमिडूक यांवर पहिल्याच वर्षी सहा हजार रुपये खर्ची पडले. त्या वर्षी ऐंशी माश्या बांधून झाल्या; त्यांतील तीसेक दुसऱ्या-तिसऱ्या फेकीलाच उलगडल्या. उरलेल्या पन्नासांवर सारा खर्च वाटला, तेव्हा एकेक माशी दीडशेच्या घरात गेली. माझे श्रम त्यात धरलेले नाहीत. साधनांचा खर्च पाच वर्षांवर विभागता येतो, हे खरे. परंतु पाच वर्षांत आणखी साधने घेतली जातात, हेही तितकेच खरे.

शिवाय, विकतची माशी म्हणजे यंत्राची आणि घरची म्हणजे हाताची, असाही भेद नाही. केनियासारख्या देशात माश्या बांधणे हा अनेक कुटुंबांचा चरितार्थ आहे, आणि दुकानातील माशी अशाच कुणाच्या तरी बोटांतून उतरलेली असते. दिवसभर एकच नमुना बांधणाऱ्या त्या हातांची सफाई माझ्या हाताला येणे नाही. नित्याचे नमुने मी आजही विकतच आणतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पिसांचा विषय मात्र निराळा. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकात सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भपकेबाज माश्यांना ती पिसे हवीच असत, आणि त्यापायी हे पक्षी मोठ्या संख्येने मारले गेले. पुढे भारताने पिसांची निर्यात बंद केली. १९७२च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे, आणि परदेशात आता पाळीव पक्ष्यांची पिसे वापरतात. माझे काम गावठी कोंबड्याच्या पिसांवर भागते. खाटकाकडून ती आणावी, साबणाच्या पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी. गृहशांतीच्या दृष्टीने हा विधी गच्चीवर उरकणे इष्ट.

मग स्वतः बांधायची ती कशासाठी? तयार माश्यांचे बहुतेक नमुने थंड प्रवाहांतील ट्राउटसाठी योजलेले आहेत. मी ज्या गावतलावावर मत्स्य सहकारी संस्थेच्या अनुमतीने बसतो, तेथे कमळपानांच्या गर्दीत मरळ असते. ती हवा घेण्यास वर येते आणि बेडकावर झडप घालते. पानांत गुंतणार नाही असा बेडूक मला हव्या त्या मापात दुकानात मिळेना. जुन्या रबरी चपलेचा तुकडा, बकरीचे केस आणि गळाच्या टोकापुढे आडवी धरलेली बारीक तार एवढ्यावर तो सिद्ध झाला. अर्थात सातव्या प्रयत्नात. पहिले सहा पाण्यावर उताणे पडत. १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात छत्तीसगडात मासेमारी बंद असते. मरळीची जोडी पावसाळ्यात आपल्या पिलांची राखण करते, तेव्हा तिला त्रास न देणेच योग्य. माझे बांधकाम याच दोन महिन्यांत चालते.

गतवर्षी याच दिवसांत आईचा शालू घेऊन मी सदर बाजारात गेलो. ती जाऊन तीन वर्षे झाली होती. घडीवर रेशीम फाटले होते, पदराची जर काळवंडली होती. जुनी जर वजनावर घेणाऱ्या वृद्ध व्यापाऱ्याने एक तार उलगडून घासून पाहिली. आत रेशीम, त्यावर चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा, खरी जर. आजकाल प्लास्टिकची चमकी येते, ती काळी पडत नाही, असे तो म्हणाला. माझ्या विकतच्या माश्यांवर तीच असते. त्याने सांगितलेला भाव वाजवी होता. बहिणीशी बोलणेही आधीच झाले होते. तरीही पदराच्या कडेची वीतभर पट्टी मी कापून मागितली. त्याने कारण न विचारता कात्री पुढे केली.

ती जर लहान मासळीच्या आकाराच्या माश्यांवर गुंडाळली. लिंबाने पुसल्यावर तिला पाण्यात शोभेल अशी मंद झाक आली. पहिली माशी डबीतून काढून पुन्हा ठेवली, असे तीन रविवार झाले. अखेर टाकली. एकूण नऊ झाल्या होत्या. दोन बाभळीत अडकल्या, एक मरळीने दोरीसकट नेली. सहा उरल्या आहेत.