झडपेची परीक्षा, भांडवलाची परीक्षा

घसा सुजून चार दिवस ताप आलेले मूल पाचव्या दिवशी अंगणात खेळू लागले, की घर निर्धास्त होते. परंतु काही मुलांच्या बाबतीत हा निर्धास्तपणा महागात पडतो. घशातील जंतुसंसर्गावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर त्यामागून ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. त्यात सांधे धरतात व सुटतात; हृदयाच्या झडपांवर मात्र कायमचा व्रण राहू शकतो. पुढे ऐन तारुण्यात जिना चढताना धाप लागते आणि झडप बदलण्यावाचून उपाय उरत नाही. हा मुख्यतः दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचा रोग. आणि त्या काळी कृत्रिम झडप परदेशातून येणारी होती, म्हणून त्यांना न परवडणारी.

नवे वैद्यकीय उपकरण घडविण्यासाठी पैसा कोठे घालावा, हा प्रश्न वरवर हिशेबनिसांचा वाटतो. त्याचे मर्म पाहावयाचे असेल, तर त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेकडे वळावे. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या वास्तूत उभ्या राहिलेल्या या संस्थेची धुरा १९७४ पासून हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी वाहिली. रुग्णालय आणि यंत्रशाळा एकाच संस्थेत नांदावीत, वैद्य व अभियंते यांनी एकत्र बसावे, ही त्यांची दृष्टी होती.

हाती पैसा थोडा असताना त्यांनी निवडलेली कामे पाहण्यासारखी आहेत. एक होते रक्त साठविण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीचे. त्यात दिमाख काही नाही; पण देशात जेथे जेथे रक्तपेढी, तेथे तेथे तिची गरज. दुसरे काम हृदयाच्या झडपेचे. गरज तितकीच खरी, मात्र वाट अतिशय अवघड. माणसाचे हृदय मिनिटाला बहात्तर ठोके देते असे धरले, तर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी ठोके होतात. तितक्या वेळा झडपेने उघडावे व मिटावे, तेही वर्षानुवर्षे, आणि एकदाही चुकू नये!

पहिल्या नमुन्यात चकतीला धरून ठेवणारा दांडा मोडला. दुसऱ्यात टायटॅनियमचा सांगाडा व कृत्रिम नीलमाची चकती योजिली. कठीण नीलमापुढे धातूच झिजू लागला. तिसऱ्यात सांगाड्यासाठी अधिक चिवट मिश्रधातू घेतला, तेव्हा चकती भंगली. वर्षे लोटली, पैसा खर्ची पडला. अशा वेळी मनाला दोन मोह पडतात. ‘इतके घातले आहे, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचे?’ म्हणून सदोष नमुनाच पुढे रेटण्याचा एक. आणि हात झटकून मोकळे होण्याचा दुसरा. संस्थेने दोन्ही टाळले. प्रत्येक अपयशाचे कारण शोधून तेवढेच बदलले. चौथ्या नमुन्यात चकती आली ती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात आधीच कसास उतरलेला हा पदार्थ नीलमाइतका भारदस्त नव्हे, पण टिकला. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम मानवी हृदयात बसविण्यात आली. पुढे टीटीके उद्योगसमूहाने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांच्या उपयोगी पडल्या.

परीक्षेतील हा कठोरपणा अनाठायी नव्हता. पाश्चात्त्य देशांत ब्यॉर्क-शायली नावाची झडप नावाजलेली होती. रक्ताचा प्रवाह सुधारावा म्हणून तिची नवी आवृत्ती निघाली व जगभर सुमारे ८६,००० रुग्णांना बसविली गेली. तिचा वेल्ड केलेला दांडा शेकडो रुग्णांच्या हृदयात मोडला; त्यांतील बहुतेक दगावले. १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घ्यावी लागली. ज्यांच्या छातीत ती होती, त्यांचे भय मात्र कोण काढून घेणार? त्रिवेंद्रमला दांडा मोडला तो रुग्णांपर्यंत पोचण्यापूर्वी. दोन्हींतील अंतर एवढेच, आणि ते केवढे मोठे!

म्हणून उपकरणावर पैसा घालणाऱ्याने चार गोष्टी पारखाव्यात. दुखणे खरोखर किती जणांचे आहे? वस्तू करणारा आणि वापरणारा एकमेकांशी बोलतात काय? प्रयोगशाळेतील एका नमुन्यावरून हजार निर्दोष वस्तू काढणारा कारखानदार मिळेल काय? आणि शेवटची, पण सर्वांत अवघड गोष्ट : नमुना सदोष ठरला, तर ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य कोणाच्या अंगी आहे?

डॉ. वलियाथन २०२४ च्या जुलैमध्ये निवर्तले. त्यांच्या संस्थेने घडविलेली झडप बसविलेले कितीतरी लोक आज आपापल्या घरी जिने चढत असतील. त्या पावलांत यशस्वी ठरलेल्या चौथ्या नमुन्याचे श्रेय आहेच. परंतु वेळीच बाजूला ठेवलेल्या पहिल्या तिन्हींचेही ते तितकेच आहे.